आधी बघा, मग सोडा!

आमच्या परसात एक बोडी आहे. बोडी म्हणजे आमच्या भंडाऱ्याकडचं पाणी साठवायचं लहानसं तळं. सासूबाई होत्या तोवर रोज सकाळी काठावर उभ्या राहून उरलेली भाताची शितं टाकायच्या. त्या गेल्या आणि तिकडे कुणी फिरकेना. जलपर्णी माजली, पाण्याला वास यायला लागला, डासांवरून शेजारणींची कुरकुर सुरू झाली. घरात सगळ्यांचं एकमत झालं, मुरूम टाका आणि बुजवून टाका!

मी हट्टाने नको म्हटलं. पण उत्साहाच्या भरात चूकही माझ्याच हातून झाली. मे महिन्यात मजूर लावून एकाच दिवसात जलपर्णी आणि गाळ, दोन्ही उपसायला घेतलं. दुसऱ्या दिवशी पहाटे पाहते तर कितीतरी मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. जीव कळवळला हो!

आमच्याकडे मासळी घेऊन येणाऱ्या मावशींना दाखवलं. त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, "एका दिवशी सारा गाळ कोन काढते बाई? आदी अंदर का हाये थे तं पाहा!" तळाचा कुजका गाळ ढवळला की त्यातला विषारी वायू पाण्यात मिसळतो आणि प्राणवायू झपाट्याने कमी होतो. गाळ काढायचा तो थोडा थोडा, नाहीतर पाणी आटल्यावर. जलपर्णीही टप्प्याटप्प्याने काढायची. आणि वास येतो म्हणून ब्लीचिंग पावडर तर मुळीच ओतायची नाही.

मग मावशींनीच जाळं टाकून चारही कोपरे तपासले. निघालं ते पाहून पुन्हा पाण्यात सोडलं. मरळ, मागूर आणि थोड्या खवल्या होत्या, रोहू एकही नाही. मरळ आणि मागूर वर येऊन हवा घेतात, म्हणून घाण पाण्यातही तगतात. रोहू-कटल्याला ते जमत नाही. ते पहाटे तोंड वर काढून धापा टाकताना दिसले तर समजावं, पाण्यात प्राणवायू कमी पडतोय. रात्रभर शेवाळही प्राणवायू वापरतं, म्हणून पहाटेची वेळ सगळ्यात कठीण. पाणी फार हिरवं झालंय का, याची परीक्षा सोपी आहे. हात पाण्यात घाला. कोपरापर्यंत जायच्या आतच तळवा दिसेनासा झाला, तर खत, शेण, शितं सगळं बंद!

मी बाजारातून रोहूची बोटुकली आणायला निघाले होते. मावशींनी अडवलं. बोडीत मरळ असताना ती तिची न्याहारीच झाली असती! मोठ्या मरळी काढल्यावरच बोटुकली सोडायची, तीही बेताने. तीस फूट लांब, वीस फूट रुंद बोडीत पन्नासच्या वर नको. साचलेल्या पाण्यात रोहू-कटला वीण घालत नाहीत, म्हणून मेले-गेले तेवढे कमीच होतात. तिलापिया मात्र इतका वाढतो की बाकीच्यांना खायला उरत नाही.

डास झाले की आपण लगेच गप्पी मासे आणतो. बंद टाक्यांत ते ठीक. पण बोडीत गावठी छोटे मासे असतील तर तेही डासांच्या अळ्या खातातच. उलट पावसात बोडी भरून वाहिली की हे बाहेरचे मासे नाल्यात, पुढे नदीत जातात. आफ्रिकन मागुरावर तर २००० सालापासून बंदी आहे, तरी कुणी 'झटपट वाढतो' म्हणून गळ्यात मारलाच तर घेऊ नका.

मैत्रिणींनो, मला वाटतं, आपण घर आवरतो तसं तळं आवरायला जातो. म्हणजे जुनं फेका, नवं आणा! पण तळं म्हणजे अडगळीची खोली नव्हे, तिथे आधीच कुणीतरी राहतंय. बुजवायचं की राखायचं, हा निर्णय काठावर कधी उभं न राहणाऱ्यांनी घरात बसून घ्यायचा नसतो. आणि ज्या मावशींना आपण नुसता भाव विचारतो, त्यांना चार गोष्टी विचारल्या तर काय बिघडतं?

मी आता पहाटे चहाचा कप घेऊन बोडीच्या काठावर जाते. शितं मात्र मोजूनच टाकते. तुमच्या परसातही असं एखादं तळं असेल, तर मुरूम मागवण्याआधी एकदा पहाटे जाऊन पाहाल ना?