पहिली पायरीच गेली तर? कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं



मागच्या पालकसभेनंतर एक आई माझ्यासाठी थांबल्या. मुलगी दहावीला. म्हणाल्या, "मॅडम, सुट्टीत हिला टायपिंगला घालू का? का आता सगळं ते एआयच करणार?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. तुम्हालाही असे प्रश्न येत असतील, म्हणून हे लिहिते आहे.

आपल्याकडची कितीतरी घरं याच वाटेने वर आली. मराठी ३०, इंग्रजी ४० चं टायपिंग सर्टिफिकेट, २००१ पासून एमएस-सीआयटी, मग कुठेतरी ऑपरेटरची, क्लार्कची किंवा शहरात कॉल सेंटरची नोकरी. पगार थोडा, पण घरातली पहिली महिन्याची कमाई. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं. पत्र लिहिणं, माहिती भरणं, भाषांतर, साधं कोडिंग अशी नेमकी हीच कामं आता यंत्र करू लागलं आहे. गवंडी, वायरमन, नर्स यांचं काम त्याला अजून जमत नाही. म्हणजे पहिला धक्का बसणार तो आपल्या मुलांच्या पहिल्या पायरीला.

काहीजण म्हणतात, "संगणक आला तेव्हाही असंच ओरडत होते. शेवटी नोकऱ्या वाढल्याच ना?" हे अर्धं खरं आहे. १९८० च्या दशकात बँकांत संगणक येऊ लागले तेव्हा कर्मचारी संघटनांनी विरोध केला, मग करार झाले आणि संगणक टप्प्याटप्प्याने आले. त्या कर्मचाऱ्याच्या पाठीशी संघटना होती. आजच्या कंत्राटी ऑपरेटरच्या पाठीशी कोण आहे?

माझ्या मते खरा प्रश्न नोकऱ्यांच्या आकड्यापेक्षा मोठा आहे. दहा जणांचं काम चौघांत होऊ लागलं, तर वाचलेला पैसा कुणाच्या खिशात जाणार? आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने जानेवारी २०२४ मध्ये सांगितलं, की जगातल्या सुमारे ४० टक्के नोकऱ्यांवर एआयचा परिणाम होऊ शकतो आणि विषमता वाढण्याची शक्यता अधिक आहे. परिणाम म्हणजे नोकरी जाणंच असं नाही, काहींचा पगार वाढेलसुद्धा. पण मोठा वाटा कुठे जातो ते दिसतंच आहे. एआयसाठी चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीचं बाजारमूल्य जुलै २०२५ मध्ये ४ लाख कोटी डॉलरवर पोचलं.

हे सगळं अटळ आहे असं मात्र मी मानत नाही. २०२३ मध्ये हॉलिवूडच्या पटकथा लेखकांनी १४८ दिवस संप केला आणि एआयच्या वापरावर अटी करारात लिहून घेतल्या. यंत्र कसं वापरायचं हे माणसंच ठरवतात. फक्त ठरवणाऱ्यांत आपलीही माणसं हवीत.

आणि विषमता काही नोकरीपासून सुरू होत नाही, ती आपल्या वर्गातच बसलेली असते. एका मुलाकडे स्वतःचा फोन आणि पैसे भरून घेतलेलं ॲप. दुसरी मुलगी रात्री आठला बाबा घरी येईपर्यंत त्यांच्या फोनची वाट बघते. म्हणून शिक्षकांनो, शाळेची संगणक खोली कुलपात ठेवू नका. आपल्या गावाबद्दल एआयकडून दहा ओळी लिहून घ्या आणि मुलांना त्यातल्या चुका शोधायला लावा. ज्याला चूक ओळखता येते, तो यंत्राच्या हाताखाली जात नाही. पालकांनो, "एआय शिका, लाखो कमवा" असल्या जाहिरातींना भुलून हजारो रुपये भरू नका. तेवढ्यात घरात पुस्तकं येतील.

त्या ताईंना मी दुसऱ्या दिवशी फोन केला. म्हटलं, "टायपिंगला घाला, लिपिक भरतीत अजून ते सर्टिफिकेट मागतात. पण त्यावरच थांबू नका. तिचं वाचन आणि गणित सुटू देऊ नका. आणि शनिवारी तिला शाळेत पाठवा, संगणक खोली मी उघडते."

त्या "बरं" म्हणाल्या. पण पुढची पायरी एकट्या मुलीने शोधायची नसते. तुम्ही काय सांगितलं असतं त्यांना?