जुन्या फियाटला नवे ब्रेक

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली आणि ‘फियाट’ याच नावाने महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्यांच्या संसारात वावरलेली प्रीमियर पद्मिनी आता टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यावर उरलेली नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची मुदत संपली. तथापि खासगी मालकीच्या कितीतरी गाड्या अद्याप निगुतीने सांभाळलेल्या आढळतात, आणि त्यांच्या मालकांत एक वाद वरचेवर उपस्थित होतो : तिच्या पुढच्या चाकांचे ड्रम ब्रेक काढून तेथे डिस्क ब्रेक बसवणे ही सुधारणा मानावी की विटंबना? जी गाडी केवळ प्रदर्शनात मिरवायची आहे तिच्या एका स्क्रूलाही कोणी हात लावू नये. परंतु जी गाडी आजच्या वाहतुकीत, पावसाळ्यात आणि घाटात बायकामुलांना घेऊन चालवायची आहे तिला पुढे डिस्क जरूर बसवावी, मात्र ती संपूर्ण योजनेनिशी बसवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. अर्धवट बसवलेल्या डिस्कपेक्षा नीट राखलेला ड्रम शतपटीने बरा.

ड्रमची निंदा करण्यापूर्वी त्याची बाजू ऐकून घेणे न्यायाचे होईल. ड्रमच्या पोटात दोन अर्धचंद्राकृती शू असतात, आणि ब्रेक दाबताच फिरत्या ड्रमच्या दिशेने उघडणारा शू घर्षणाच्याच जोराने ड्रमवर अधिकाधिक आवळला जातो; म्हणूनच पायाचा जोर वाढवणाऱ्या कसल्याही बूस्टरच्या साह्यावाचून त्या काळच्या गाड्या पायाच्या बेताच्या जोराने थांबत असत. शूवरचे लायनिंग ताजे, ड्रम गोल आणि चारही चाकांचे ॲडजस्टमेंट सारखे असेल, तर हे ब्रेक एकदा चाके जाम करण्याइतके समर्थ असतात, आणि तेथून पुढे गाडी किती अंतरात थांबावी हे ब्रेक ठरवीत नाही, टायर ठरवतो. ‘ब्रेक लागत नाही’ अशी तक्रार घेऊन जे मालक डिस्कच्या शोधात निघतात त्यांच्या गाडीचे चाक उतरवून पाहिले असता बहुधा निराळेच दृश्य दिसते : काठाशी झिजेची ठसठशीत कड उमटलेला ड्रम, व्हील सिलिंडरच्या रबरातून पाझरलेल्या ऑइलने चिकट काळे झालेले लायनिंग, आणि वर्षानुवर्षे कोणी न फिरवल्यामुळे गंजून बसलेला ॲडजस्टर. (जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे, त्यामुळे ड्रममधली काळी भुकटी हवेच्या पाइपने फुंकून उडवण्याची गॅरेजांतली सवय मिस्त्रीच्या आणि त्याच्या हाताखालच्या पोराच्या जिवावर उठणारी आहे. ती ओल्या फडक्याने पुसूनच काढली पाहिजे.)

मग डिस्कचा आग्रह कशासाठी? प्रामुख्याने उष्णतेसाठी. खंडाळ्याहून खोपोलीस उतरणारी गाडी सुमारे पाचशे मीटर उंची गमावते; चार माणसांसह तिचे वजन बाराशे किलोच्या आसपास धरले, तर त्या उतारात जी ऊर्जा कोठे तरी जिरवावी लागते तिने सुमारे अठरा लिटर गार पाण्याला उकळी फुटेल. गाडी खालच्या गिअरमध्ये असल्यास तीतला बराच वाटा इंजिन उचलते हे खरे. पण पुढे मालट्रकांची रांग सरपटत असता पाय पुनःपुन्हा ब्रेकवर जातो, आणि उरलेली उष्णता ड्रमच्या बंद डब्यात साठत राहते. तापलेला ड्रम प्रसरण पावून शूपासून दूर सरकतो, त्यामुळे पेडल खोल जाते. तापलेल्या लायनिंगची पकड मंदावते, आणि ज्या आपोआप आवळण्याच्या गुणाची आपण स्तुती केली तोच गुण पकड कमी होताच दुपटीने उलटतो. डिस्क उघड्या हवेत फिरते, तापून फुगली तरी तिला दोन्ही बाजूंनी आवळणाऱ्या पॅडच्या दिशेनेच फुगते, आणि अंगावरचे पाणी भिरकावून देते. उलट तुंबलेल्या रस्त्यातून बाहेर पडलेला ड्रम चार वेळा ब्रेक दाबून सुकवल्याखेरीज भरवशाचा होत नाही. इंग्लंडात लँचेस्टर या अभियंत्याने डिस्कचे पेटंट १९०२ मध्येच घेतले होते. पण तिची थोरवी जगाला पटली ती १९५३ साली, जेव्हा डिस्क ब्रेकच्या जग्वारने ल मांची चोवीस तासांची शर्यत ताशी शंभर मैलांहून अधिक सरासरीने जिंकली. खुद्द फियाट कंपनीने १९६६ च्या आपल्या १२४ या साध्या कुटुंबवत्सल गाडीला चारही चाकांना डिस्क दिली. तेव्हा डिस्क बसवल्याने फियाटचा वंश बाटतो, ही समजूत निराधार आहे.

परंतु डिस्कच्या या कौतुकात एक अधिक गंभीर उणीव झाकली जाते. साठीच्या दशकातील फियाटमध्ये चारही चाकांना एकाच मास्टर सिलिंडरमधून, एकाच मार्गाने ऑइल जाते. एक रबरी नळी फुटली की पेडल तळाला टेकते आणि चारही ब्रेक एकदम निकामी होतात. पुढच्या व मागच्या चाकांना स्वतंत्र मार्ग देणारा दुहेरी मास्टर सिलिंडर हीच माझ्या मते सर्वांत आधी करावयाची दुरुस्ती होय, आणि ती न करता नुसती डिस्क बसवणाऱ्याने पैसा अस्थानी खर्च केला असे म्हणावे लागेल. शिवाय जुना मास्टर सिलिंडर डिस्कच्या कामाचाही नसतो. ड्रमची रबरे घट्ट बसून राहावीत म्हणून त्यात एक लहानसा व्हॉल्व्ह नळ्यांत किंचित दाब कायम राखतो. तोच राहू दिला, तर पॅड डिस्कला अहोरात्र घासत राहतात आणि चाक हाताला चटका बसेल इतके तापते. डिस्कला आपोआप आवळण्याचा गुण नसल्याने दाब अधिक लागतो, म्हणून बूस्टर येतो. आणि तो वाढलेला दाब मागच्या ड्रमलाही तसाच पोचू दिला, तर ओल्या रस्त्यावर मागची चाके आधी जाम होऊन गाडी गर्रकन फिरते. तेव्हा मागच्या मार्गावर दाब आवरणारा व्हॉल्व्ह हवाच. सुटे भाग मिळवणे त्या मानाने सोपे आहे. मारुती ८०० ची डिस्क मुळात बारा इंची चाकात मावणारी असल्याने फियाटच्या चौदा इंची चाकात जागेची अडचण पडत नाही. खरी कसोटी लागते ती पॅड आवळणारा कॅलिपर धरणाऱ्या ब्रॅकेटवर, कारण ब्रेकचा सगळा हिसका त्यालाच सोसावा लागतो. आणि तो ब्रॅकेट हाताशी सापडलेल्या पत्र्याच्या तुकड्याला वेल्डिंग मारून केलेला पाहिला की माझ्या अंगावर काटा येतो.

मूळ स्वरूप जपावे असा आग्रह धरणाऱ्यांविषयी मला आदर आहे. स्टब ॲक्सल कापू नये, ब्रॅकेट मूळच्याच बोल्टांवर बसवावा, आणि उतरवलेले ड्रम, शू व सिलिंडर जपून ठेवावेत, म्हणजे पुढच्या मालकाला वाटल्यास दोन दिवसांत गाडी पूर्ववत करता येईल, इतकी अट मी आनंदाने मान्य करीन. मात्र गाडीचा रंग, गादी, घड्याळ ही मालकाची खासगी बाब असली तरी ब्रेक ही तशी बाब नाही. रस्ता ओलांडणाऱ्या शाळकरी मुलाचाही त्याच्याशी संबंध पोचतो.

राहिला कायदा. नोंदणीपत्रकातील तपशील व उत्पादकाचा मूळ तपशील यांत तफावत पडेल असा फेरफार मालकाने करू नये, असे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते. तर पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी जुलै २०२१ मध्ये आलेल्या नियमांत चासी, बॉडी वा इंजिन यांत बदल झालेला नसावा अशी अट असून ब्रेकचा नामोल्लेख नाही. त्यामुळे प्रामाणिक मालक संभ्रमात राहतो, आणि काम गुपचूप कोठल्या तरी गल्लीत उरकले जाते. हे टाळावयाचे असेल, तर पुण्यात १९६६ पासून वाहनांच्या चाचण्यांचे काम करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहेच; दुहेरी मास्टर सिलिंडर, बूस्टर, ब्रॅकेट व व्हॉल्व्ह यांसह तयार झालेल्या संपूर्ण संचाची तिच्याकडून एकवार चाचणी करवून, तो बसवलेल्या गाडीची परिवहन कार्यालयात तपासणी व्हावी व नोंदणीपत्रकावर तसा शेरा मिळावा, अशी तजवीज शासनाने करावी. त्या चाचणीत मात्र गार ब्रेकने एकदा थांबून दाखवणे पुरेसे मानू नये. लागोपाठ दाबून तापवलेल्या ब्रेकचे, आणि दोहोंपैकी एक मार्ग मुद्दाम बंद करून उरलेल्या एकावर गाडी थांबवण्याचे अंतरही मोजले जावे.