आणायला अख्खं गाव, पाठवायला कोण?

पोस्ट लांबलचक आहे. चहा घेऊन बसा.

"आयुष्यात बघितलेले सगळ्यात भारी सामने कोणते?" हा विषय आमच्या कट्ट्यावर वर्षातून दोनदा तरी निघतोच. यादीही ठरलेली. 83 चं लॉर्ड्स, 98 चं शारजा, 2011 चं वानखेडे. धोनीच्या सिक्सरपर्यंत आलं की चहा संपतो आणि माणसं उठून मार्केटला जातात.

मीही त्याच यादीवर मोठा झालोय. 183 धावा करून वेस्ट इंडीजला 140 वर गुंडाळलेलं मी रेडिओला कान लावून ऐकलंय. शारजात वाळूचं वादळ आलं आणि ते निवळल्यावर सचिनचं वादळ आलं, तेव्हा एका दुकानातल्या टीव्हीसमोर शंभरेक माणसात उभा होतो. 22 एप्रिलला 143, 24 एप्रिलला वाढदिवशी 134. ते विसरायला माणूस मेलेला पाहिजे.

पण गेल्या काही वर्षांत माझी यादी बदललीय. ती इथे देतोय, आणि साधी देत नाहीये, भांडणासकट देतोय. भांडण सरकारशी आहेच, पण आधी आपल्याशी आहे. लासलगाव, निफाड, चांदवड, येवला, सगळ्यांशी. जिंकून आलेल्याला आणायला आपण अख्खं गाव जातो. पाठवायला कोण जातं?

एक. दिल्ली, 8 ऑक्टोबर 2010. राष्ट्रकुल स्पर्धा, महिलांची 10,000 मीटर. पंचवीस फेऱ्या. आपल्या जिल्ह्यातल्या हरसूलकडच्या सावरपाड्याची कविता राऊत पळत होती. ब्राँझ मिळालं. राष्ट्रकुलमध्ये ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. पुढच्याच महिन्यात ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत 10,000 मध्ये रौप्य, 5,000 मध्ये ब्राँझ. पेपरवाल्यांनी नाव दिलं 'सावरपाडा एक्सप्रेस'. आपल्याला नाव आवडलं, कारण एक्सप्रेस म्हटलं की ती आपली आपण धावते. पण नाशिकमध्ये विजेंद्र सिंग यांच्यासारखा प्रशिक्षक भेटला नसता, तर ती मुलगी पाड्यावरच पळत राहिली असती आणि आपल्याला तिचं नावही कळलं नसतं.

दोन. रिओ, ऑगस्ट 2016. ऑलिम्पिकला गेलेला भारताचा एकमेव नौकानयनपटू कुठला? आपल्या शेजारच्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, दत्तू भोकनळ. जिथे उन्हाळ्यात पाण्याचा टँकर आला की हंड्यांची रांग लागते, त्या भागातला माणूस जगातल्या सर्वोत्तम नौका चालवणाऱ्यांत तेरावा आला. वडिलांबरोबर विहिरी खोदलेला माणूस. होडी हातात आली ती लष्करात गेल्यावर, विशी उलटल्यावर. दोन वर्षांनी, 2018 च्या आशियाई स्पर्धेत, एकेरीच्या अंतिम शर्यतीत तब्येतीनं दगा दिला आणि तो शेवटचा आला. दुसऱ्याच दिवशी, 24 ऑगस्टला, चौघांच्या नौकेत बसून सुवर्णपदक घेतलं. माझ्या आयुष्यातले सगळ्यात मोठे चोवीस तास कोणते विचाराल, तर हे. शारजाच्याही वर.

तीन. बालेवाडी, 7 जानेवारी 2020. महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती. नाशिककडून उतरलेला हर्षवर्धन सदगीर विरुद्ध लातूरचा शैलेश शेळके. 3-2. जिंकल्याबरोबर हर्षवर्धननं हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचललं आणि मैदानात फिरवलं. दोघंही काका पवारांच्या तालमीतले. जिंकल्यावर कसं वागायचं हे एका मिनिटात शिकवणारी कुस्ती दुसरी बघितली नाही.

चार. बर्मिंगहॅम, 6 ऑगस्ट 2022. 3,000 मीटर स्टीपलचेस. 1998 पासून राष्ट्रकुलमध्ये या शर्यतीची तिन्ही पदकं दर वेळी केनियाच घेऊन जायचा. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे त्यांच्यात घुसला. केनियाचा किबिवोट 8 मिनिटं 11.15 सेकंद, आपला गडी 8 मिनिटं 11.20. फरक पाच शतांश सेकंदांचा. डोळ्याची पापणी लवते त्याच्याही आत. रौप्य.

पाच. पॅरिस, 1 ऑगस्ट 2024. स्वप्निल कुसाळे, 50 मीटर रायफल, ब्राँझ. कोल्हापूरच्या कांबळवाडीचा मुलगा, नेमबाजी शिकला नाशिकला. 1952 मध्ये हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कुस्तीत ब्राँझ आणलं होतं. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळालं ते थेट या दिवशी. मध्ये 72 वर्षं गेली.

सहा. नवी मुंबई, 2 नोव्हेंबर 2025. महिलांचा वर्ल्डकप. उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाच्या 338 धावांचा पाठलाग आणि जेमिमाच्या नाबाद 127. मग अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेवर 52 धावांनी विजय. घरातल्या मुली रात्री बारानंतर नाचत होत्या. 83 ला घरातल्या मुलींना हा खेळ आपला वाटायचा का, ते ज्याचं त्यानं आठवून बघावं.

आता भांडणाचा मुद्दा.

या सहाही गोष्टी आपण एकाच पद्धतीनं सांगतो. "परिस्थितीवर मात." "जिद्दीच्या जोरावर." "दुष्काळातलं सोनं." फॉरवर्ड करायला छान वाटतं, डोळ्यात पाणी येतं. पण मला आता या गोष्टीची चीड येते. कारण 'परिस्थितीवर मात' म्हटलं की परिस्थिती कोणाची होती, कोणी तशी ठेवली, हा प्रश्नच मिटतो. सगळा भार त्या पोराच्या जिद्दीवर. आपण मोकळे, हार घेऊन उभे.

आता हीच यादी पुन्हा वाचा आणि प्रत्येकाला कोणी पाठवलं ते बघा. दत्तूला होडी दिली लष्करानं. साबळेही लष्करातलाच, पळण्याकडे वळला तोच नोकरी लागल्यावर. स्वप्निलला उचललं राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीनं, पुढे नोकरी दिली रेल्वेनं. हर्षवर्धनमागे वस्ताद आणि तालीम. महिला क्रिकेटचं तर कॅलेंडरच बघा. 2017 चा अंतिम सामना त्या 9 धावांनी हरल्या. 2022 मध्ये सामन्याचं मानधन पुरुषांइतकं झालं, 2023 मध्ये त्यांची लीग सुरू झाली, 2025 मध्ये कप घरात. पाठवणी आधी झाली, मिरवणूक नंतर. याला चमत्कार नाही म्हणत, व्यवस्था म्हणतात.

सचिनसुद्धा आभाळातून नाही पडला. त्याला आचरेकर सर होते, शिवाजी पार्क होतं, आझाद मैदान होतं, एकोणिसाव्या शतकापासून चाललेली हॅरिस शील्ड नावाची शाळांची स्पर्धा होती. 1988 मध्ये त्यानं आणि कांबळीनं 664 धावांची भागीदारी केली ती याच शालेय स्पर्धेत. लासलगावच्या एखाद्या पोरात सचिन असेलही. तो 664 करणार कुठे? लग्नाच्या मांडवात?

हसू नका. आपल्याकडे मैदान म्हणजे काय असतं ते सगळ्यांना माहितीय. सभा असली की मैदान, प्रदर्शन असलं की मैदान, लग्न असलं की पार्किंग. खेळायला पोरं आली की "ए, बॉल लागंल कोणाला तरी, निघा इथून."

खाशाबांची गोष्ट आपण अर्धीच सांगतो. पदक घेऊन आले तेव्हा कराडला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हे सगळे सांगतात. पण जायच्या वेळी पैसे नव्हते, तेव्हा गावानं वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या खर्डेकर प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. म्हणजे 1952 मध्ये, गरिबीत, आणायला गाव होतं तसं पाठवायलाही होतं. आपण त्यातल्या बैलगाड्या तेवढ्या उचलल्या. आता बैलगाडीच्या जागी डीजे आला, एवढाच विकास.

लोक काय म्हणतात तेही माहितीय.

"आर्मी करते ना, मग झालं." आर्मीची भरती होते साडेसतराव्या वर्षानंतर. तिला आधी देश राखायचाय, आपली पोरं वाढवणं हे तिचं काम नाही. आणि ती पाच शतांश सेकंदं आठवा. साबळेला शास्त्रशुद्ध प्रशिक्षण विशीनंतर मिळालं आणि तरी सोनं एवढ्याशा फरकानं गेलं. तेच प्रशिक्षण त्याला तेराव्या वर्षी, आष्टी तालुक्यातच मिळालं असतं तर? तो फरक बर्मिंगहॅमला पडलेला नाही, शाळेतल्या रिकाम्या गेलेल्या खेळाच्या तासांत पडलाय.

"इथं कांद्याला भाव नाही आणि याला खेळ सुचतोय." हा मुद्दा खरा आहे, म्हणून उत्तरही कांद्याचंच देतो. डिसेंबर 2023 मध्ये एका रात्रीत निर्यातबंदी झाली तेव्हा आपण काय म्हणालो? "शहरात भाव वाढला की सगळ्यांना लासलगाव आठवतं, टीव्हीच्या गाड्या मार्केटच्या गेटवर उभ्या राहतात. उळं टाकताना, रोपं जळताना, चाळीत कांदा सडताना कोणी येत नाही." बरोबर बोललो. मग आपण आपल्या खेळाडूशी दुसरं काय करतो? पदकाचा भाव निघाला की आपल्या गाड्या त्याच्या दारात. लागवडीला कोणी नाही. जे आपल्याला झोंबतं तेच आपण पोरांना करतो.

आणि लागवड आपल्याला शिकवायची गरज आहे का? उळं कधी टाकायचं, रोप किती दिवसांचं झालं की उपटायचं, पाणी कधी तोडायचं, हे आपल्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगू. शेतात काही आपोआप येत नाही हे आपल्याइतकं कोणाला कळतं? फक्त खेळाडू मात्र बांधावरच्या बोरीसारखा आपोआप उगवावा अशी अपेक्षा. खत नाही, पाणी नाही, आणि बोरं मात्र आपली.

"सरकारनं करायला पाहिजे." पाहिजेच. तालुका क्रीडा संकुलासाठी अनुदानाची मर्यादा 1 कोटीवरून 5 कोटींवर नेलीय. तो पैसा आपल्या तालुक्यात कुठल्या विटेत गेला, हे विचारणारा एक तरी अर्ज आपण केलाय का? रस्त्याच्या खड्ड्यासाठी रास्ता रोको करतो, कांद्यासाठी लिलाव बंद पाडतो. मैदानासाठी आजवर किती जण रस्त्यावर बसले?

आता मागणी. मोठं काही मागत नाही, स्टेडियम नको.

1. गावात एक मैदान असं ठेवा, जिथे वर्षाचे 365 दिवस खेळाशिवाय काहीही होणार नाही. सभा नाही, मांडव नाही, पार्किंग नाही. चुन्याची फक्की मारून 400 मीटरचा मातीचा ट्रॅक आखा. त्याला कोटी लागत नाहीत.

2. शाळेच्या वेळापत्रकात लिहिलेला खेळाचा तास मैदानावरच झाला पाहिजे. पालकसभेत गणिताचे मार्क विचारता, तसंच एकदा विचारा, "सर, या आठवड्यात पोरं मैदानावर किती वेळा उतरली?"

3. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा वर चढतात. तालुक्याला पहिली आलेली कितीतरी पोरं, आणि त्याहून जास्त पोरी, पुढच्या पायरीवर एसटीचं भाडं, बूट आणि सोबत जाणारं मोठं माणूस नसल्यामुळे थांबतात. त्यासाठी गावाचा एक निधी करा. बाजार समिती, ग्रामपंचायत, पतसंस्था, गणेश मंडळं, व्यापारी, आपण सगळे. आशियातला सगळ्यात मोठा कांदा बाजार म्हणून मिरवणाऱ्या गावाला दहा पोरींचं एसटी भाडं जड नाही.

4. आणि नेतेमंडळींसाठी वेगळी विनंती. अभिनंदनाचा फ्लेक्स लावण्याआधी त्याच फ्लेक्सवर, आपल्या फोटोच्या खाली, एक ओळ छापा. या खेळाडूला पाठवताना आपण काय दिलं होतं? काही दिलं नसेल तर जागा रिकामी सोडा. लोक वाचतील.

क्रिकेटवर माझा राग नाही. उद्या सामना असला तर मी पहिला टीव्हीसमोर असेन. पण जिच्यातून आपण एकही माणूस पाठवला नाही, अशी आठवणींची यादी म्हणजे दुसऱ्याच्या चाळीतला कांदा मोजत बसणं आहे.

पुढच्या महिन्यात तालुक्याच्या स्पर्धा असतील तेव्हा एक काम करा. तासभर जाऊन बघा. तिथे टीव्ही नसतो, रिप्ले नसतो, बऱ्याचदा टाळ्या वाजवायलाही कोणी नसतं. 3,000 मीटरला एखादी पोरगी अनवाणी पळताना दिसली तर तिचं नाव लिहून घ्या, गाव विचारा आणि पायाचं माप घ्या.

बूट आणून दिलेत की मला कळवा. अर्धे पैसे माझे.