पाऊस पडला, जमिनीने घेतला कुठे?

आपल्या सीमाभागात भाषा दोन, सरकारे दोन, पण शेतकऱ्याची तक्रार एकच : पाऊस पूर्वीसारखा राहिला नाही. खानापूरच्या तांबड्या मातीत ती मराठीत ऐकू येते, अथणीच्या पलीकडे काळ्या रानात कन्नडमध्ये. तक्रार खोटी नाही. पण जो पाऊस पडला त्यातला जमिनीत किती शिरला, हा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि माझे भांडण तिथेच आहे. पर्जन्यमापकात मोजलेला पाऊस वेगळा आणि पिकाच्या मुळाशी पोचलेला वेगळा. या दोहोंच्या मधे जमिनीच्या तोंडावर दोन-तीन मिलिमीटर जाडीचा एक पापुद्रा आडवा येतो.

तो कसा होतो पाहा. वळवाचा टपोरा थेंब पाच मिलिमीटरचा असतो आणि सेकंदाला सुमारे नऊ मीटर वेगाने खाली येतो. एका एकरावर इंचभर पाऊस म्हणजे एक लाख लिटर, शंभर टन पाणी. उघड्या रानात हा सगळा मार मातीच्या कणांवर बसतो. कोरडे ढेकूळ एकदम भिजले की आत कोंडलेली हवाही त्याला आतून फोडते. फुटलेली बारीक माती गढूळ पाण्याबरोबर छिद्रांत जाऊन बसते आणि रान सारवल्यासारखे गुळगुळीत होते. सारवलेल्या अंगणात पाणी मुरते का? पुढचा पाऊस वरून वाहून जातो आणि वीतभर खाली माती कोरडीच राहते. पुरावा हवा असेल तर पहिल्या मोठ्या पावसानंतर घराच्या चुन्याच्या भिंतीवर फूट-दोन फूट उंच उडालेले मातीचे शिंतोडे पाहा. रानात खड्याखालची माती चिमुकल्या खांबासारखी उभी राहिलेली दिसेल. खड्याने थेंब अंगावर झेलला म्हणून ती वाचली. भोवतालची गेली.

ऊन पडले की हाच पापुद्रा वाळून खपली होतो. सोयाबीनचा कोंब दोन्ही डाळिंब्या डोक्यावर घेऊन वर येतो. खपलीखाली त्याची मान मोडते. मग दुबार पेरणी, आणि बोगस बियाण्याच्या नावाने बोंब. बियाणे कधी खरोखर बोगस असतेही. पण खपली उकरून खाली वाकडे झालेले कोंब पाहण्याआधीच दुकानदाराची गचांडी धरण्यात अर्थ नाही. सेंद्रिय अंश कमी असलेल्या तांबड्या मातीला हा रोग लवकर जडतो. काळी माती भेगाळते म्हणून तिला धोका नाही, असे समजू नका. रब्बी ज्वारीच्या पट्ट्यात सगळा पावसाळा रान उघडेच असते. तिथे कुळवाची पाळी तण मारते तशी पापुद्राही फोडते. जुन्या माणसांनी पाळीवर पाळी दिली ती हौस म्हणून नव्हे.

आता सरकारांकडे वळू. सोलापूर आणि विजापूर येथे १९३३ पासून कोरडवाहू शेतीची संशोधन केंद्रे आहेत, म्हणजे हा विषय आपल्या दारात शिकवला गेलेला आहे. तरी महाराष्ट्राचे २०१४ चे जलयुक्त शिवार असो की त्याच सुमाराचे कर्नाटकाचे कृषी भाग्य, भर बांध, नाले आणि शेततळी यांवरच. बांधाला माझा विरोध नाही. पण बांध वाहू लागलेले पाणी अडवतो. ते वाहू का लागले, याला हात घालत नाही. शिवाय त्या पाण्याबरोबर येऊन तळ्यात बसणारा गाळ ही आपल्याच रानाची साय असते. अमेरिकेत नेब्रास्का येथे डुले या संशोधकाने १९३९ मध्येच दाखवले होते, की पेंढ्याने झाकलेली जमीन पाणी पीत राहते, आणि पेंढा काढताच थोड्या वेळात तिचे तोंड मिटते. पण पेंढ्याचे उद्घाटन करता येत नाही, त्यावर कोनशिला बसत नाही!

कोणी म्हणेल, कडबा रानात पसरला तर जनावरांनी काय खायचे? आक्षेप रास्त आहे. कोरडवाहू शेतकऱ्याने कडबा पसरावा, असे मी म्हणणार नाही. पण उसाचे पाचट? ते तर आपण काडी लावून पेटवतो, कारण रान ‘स्वच्छ’ दिसले पाहिजे. तुरीच्या काट्या, फुलावर येण्याआधी उपटलेले तण यांचेही तेच. बाजरीच्या ओळींत पसरणारी मटकी आणि हुलगा हे जमिनीचे पांघरूणच होते. सलग पिकाच्या नादात तेही गेले. भरीला रोटाव्हेटर आला. तो माती रव्यासारखी बारीक करतो. दिसायला सुरेख, पण पहिल्याच सरीत थापली जाते. ढेकळे राहिली तर निदान चार सरी तग धरतील.

म्हणून दोन्ही सरकारांकडे माझी मागणी सरळ आहे. बांधाला जसे अनुदान मिळते, तसे पाचट न जाळता रानात कुजवणाऱ्याला आणि मिश्र पीक घेणाऱ्याला द्या. गावात पावसाचा आकडा लावता, तसा पाऊस किती खोल मुरला हाही फावड्याने खणून, मोजून लावा. आणि शेतकरी बंधूंनो, अनुदानाची वाट न पाहता येत्या हंगामात एक काम करा : एका वाफ्यावर पाचट पसरा, शेजारचा उघडा ठेवा. मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी दोन्हीकडे खणून पाहा आणि ओल कुठवर गेली ते स्वतः मोजा.