वाटा मिळाला, कारभार गेला



मध्यंतरी महाविद्यालयीन मुलींच्या एका शिबिरात खेळांचा विषय निघाला. कबड्डी खेळणारी एक मुलगी म्हणाली, "ताई, आमची मॅच नेहमी भर दुपारी. मुलांची संध्याकाळी, लोक बघायला येतात तेव्हा. हे कोण ठरवतं?" तिची मैत्रीण पटकन म्हणाली, "ठरवायचं काय त्यात? तसंच असतं."

"तसंच असतं" हे उत्तर आपल्याला नवे नाही. घरात, कचेरीत, ग्रामपंचायतीत आपण ते ऐकत आलो आहोत. पण सामन्यांचे वेळापत्रक असो की गट आणि विभाग असोत, आभाळातून काही पडत नाही. कुणीतरी बसून ते ठरवते. ठरवणाऱ्यांत बाई नसली तर काय होते, आणि असलेली बाई बाहेर गेली तर काय होते, हे सांगणारी अमेरिकेतली एक गोष्ट या अंकाच्या निमित्ताने तुमच्यापुढे ठेवायची आहे. ती जितकी खेळाची आहे, तितकीच संघटनेचीही आहे.

अमेरिकेत महाविद्यालयीन खेळ हा फार मोठा व्यवहार आहे. तिथल्या सुमारे अकराशे महाविद्यालयांचे आणि विद्यापीठांचे खेळ 'नॅशनल कॉलेजिएट अॅथलेटिक असोसिएशन' म्हणजे एनसीएए ही संस्था चालवते. तिची मुळे १९०६ सालात आहेत. १९७३ साली तिने सभासदांच्या तीन श्रेणी केल्या. पहिल्या श्रेणीत खेळावर सर्वांत जास्त पैसा ओतणाऱ्या संस्था. दुसरीत शिष्यवृत्त्या मर्यादित. तिसरीत खेळासाठी शिष्यवृत्ती मुळीच नाही. पहिल्या श्रेणीत राहायचे तर निदान १४ खेळांचे संघ हवेत आणि त्यांतले निदान ७ मुलींचे हवेत, असे नियम आहेत. श्रेणीच्या आत पुन्हा 'कॉन्फरन्स' नावाची मंडळे असतात. वर्षभराचे बरेचसे सामने मंडळातल्या मंडळात होतात आणि टीव्हीचे मोठे करारही बहुतेक मंडळेच करतात. थोडक्यात, खर्च किती करायचा हे श्रेणीवर आणि कोणाशी, किती लांब जाऊन खेळायचे हे मंडळावर अवलंबून असते.

या सगळ्या मांडणीत मुली कुठे होत्या? जवळजवळ पंचाहत्तर वर्षे कुठेच नव्हत्या. एनसीएए मुलींच्या राष्ट्रीय स्पर्धा घेतच नव्हती. तेव्हा महाविद्यालयांत शारीरिक शिक्षण शिकवणाऱ्या बायकांनी १९७१ साली स्वतःची संघटना उभी केली, एआयएडब्ल्यू. नियम बायकांनी केले आणि स्पर्धाही बायकांनीच भरवल्या. मुलांच्या खेळात प्रशिक्षक खेळाडूंना विकत घेतल्यासारखे पळवत, ते इथे नको म्हणून घरोघर जाऊन मुली गोळा करायला मनाई होती. एका महाविद्यालयातून दुसऱ्यात गेलेल्या मुलीला लगेच खेळता येई. दहा वर्षांत नऊशेहून अधिक महाविद्यालये या संघटनेत आली.

तिच्या चुकाही झाल्या. सुरुवातीला शिष्यवृत्तीलाच बंदी होती. खेळाडू मुलींनी कोर्टात धाव घेतल्यावर १९७३ मध्ये ती उठवावी लागली. गरीब मुलीला शिष्यवृत्ती म्हणजे शिक्षण, हे ध्यानात यायला कज्जा लागला. आपल्या संघटनांतही असे होते, ते मान्य करायला लाज वाटू नये.

दरम्यान १९७२ मध्ये 'टायटल नाइन' हा कायदा आला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला लिंगावरून भेदभाव करता येणार नाही, एवढेच तो सांगतो. त्याच्या मजकुरात खेळाचा उल्लेखही नव्हता. पण खेळालाही तो लागू होणार हे दिसताच एनसीएएने विरोध सुरू केला. १९७६ मध्ये ती सरकारविरुद्ध कोर्टात गेली. कायदा हटत नाही असे दिसल्यावर मात्र तिने पवित्रा बदलला. आता मुलींच्या स्पर्धा आम्हीच घेऊ, वेगळी वर्गणी नको, प्रवासखर्चही आम्ही देऊ! जानेवारी १९८१ मध्ये पहिल्या श्रेणीतल्या मुलींच्या स्पर्धांचा ठराव थोड्या मतांनी संमत झाला. २८ मार्च १९८२ रोजी मुलींच्या बास्केटबॉलचे दोन राष्ट्रीय अंतिम सामने एकाच दिवशी झाले, एक बायकांच्या संघटनेचा आणि एक एनसीएएचा. पैसा आणि टीव्ही दुसरीकडे होते. बायकांची संघटना कोर्टात हरली आणि १९८३ पर्यंत संपली.

मुलींना त्यातून काही मिळालेच नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. १९७१-७२ मध्ये अमेरिकेत सुमारे ३० हजार मुली महाविद्यालयीन संघांतून खेळत. आज एकट्या एनसीएएमध्ये सव्वादोन लाखांहून अधिक मुली खेळतात. कायद्याने दार उघडले, हे खरेच आहे.

पण दुसरा आकडाही पाहा. १९७२ मध्ये मुलींच्या संघांचे नव्वद टक्क्यांहून अधिक प्रशिक्षक बायका होत्या. आज त्या निम्म्याहूनही कमी आहेत. मुलामुलींचे क्रीडा विभाग एक झाले तेव्हा बहुतेक ठिकाणी पुरुष प्रमुख झाला आणि कालची प्रमुख बाई त्याची सहायक झाली. आयोवा विद्यापीठात क्रिस्टीन ग्रँट यांनी १९७३ पासून २००० पर्यंत मुलींचा स्वतंत्र विभाग टिकवला. अशी उदाहरणे मोजकीच.

कारभार हातून गेला की काय होते, ते २०२१ मध्ये जगाने पाहिले. राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धेत मुलांना भरगच्च व्यायामशाळा आणि मुलींना हलक्या वजनांची एक छोटी चळत. सेडोना प्रिन्स या खेळाडूने त्याची चित्रफीत टाकली, तेव्हा कुठे चौकशी झाली. स्पर्धेचे प्रसिद्ध 'मार्च मॅडनेस' हे नाव मुलींना २०२२ मध्ये मिळाले. २०२४ मध्ये मुलींचा अंतिम सामना एक कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला, मुलांचा एक कोटी ४८ लाखांनी. तरीही स्पर्धा खेळल्याबद्दल संघांमागे मिळणारा पैसा मुलांच्या बाजूला १९९१ पासून होता आणि मुलींसाठी तो मंजूर झाला जानेवारी २०२५ मध्ये.

मंडळांचेही तेच. मुलांच्या फुटबॉलला टीव्हीचा पैसा हवा म्हणून २०२४ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरचे शंभर वर्षांचे मंडळ जवळजवळ रिकामे झाले. कॅलिफोर्नियातले स्टॅनफर्ड विद्यापीठ अटलांटिक किनाऱ्याच्या मंडळात जाऊन बसले. फुटबॉलचा संघ आठवड्यातून एकदा खेळतो. व्हॉलीबॉलच्या मुलींना मात्र आठवड्यात दोन-दोन सामन्यांसाठी देश ओलांडावा लागतो आणि अभ्यास विमानात करावा लागतो. करार करताना त्यांना कुणी विचारले?

आपल्याकडे महाविद्यालयीन खेळात एवढा पैसा नाही. आंतरमहाविद्यालयीन सामने, मग विभाग, मग विद्यापीठाचा संघ, मग आंतरविद्यापीठ स्पर्धा, अशी आपली उतरंड. पण प्रश्न तोच आहे. पंचायतीत १९९३ नंतर एक तृतीयांश आणि महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा आपल्याला मिळाल्या, तरी सहीचा शिक्का नवऱ्याच्या खिशात राहिलेला आपण पाहिला आहे. जागा मिळणे आणि कारभार मिळणे या दोन लढाया आहेत. पहिली जिंकली की दुसरी आपोआप जिंकत नाही, उलट कधी कधी पहिलीच्या आनंदात दुसरी हातची जाते.

म्हणून कायम वेगळेच राहावे का? आम्हाला तसे वाटत नाही. वेगळ्या चुलीवर शिजणारे अन्न थोडेच असते. पण एकत्र येण्याआधी अटी लिहून घ्याव्यात: निर्णयाच्या समितीत किती बायका, पैशाचा हिशोब कोणाकडे, प्रमुखपद कोणाचे. "आधी या तर खरे, मग बघू" या आमंत्रणाला भुलू नये.

महाविद्यालयीन मुलींसोबत काम करणाऱ्या गटांना एक विनंती. आपल्या भागातल्या महाविद्यालयात जा आणि साधे प्रश्न विचारा. क्रीडा समितीत बाई आहे का? मुलींच्या आणि मुलांच्या संघाला प्रवासभत्ता सारखाच का? मैदान कोणाला कोणत्या वेळी मिळते? संघासोबत कोण जाते? आलेली उत्तरे आम्हाला लिहून पाठवा, पुढच्या अंकात ती एकत्र मांडू.

शिबिरातल्या त्या मुलीला तेव्हा नीट उत्तर देता आले नव्हते. आता सांगावेसे वाटते, "बाई गं, कोण ठरवतं ते आधी शोधू, आणि मग तिथे जाऊन बसू."

संपादक मंडळाच्या वतीने