हिशेब मागावा लागू नये

महिला मंडळ असो, वाचनालय असो की गणेशोत्सव मंडळ, वार्षिक सभेतले दृश्य बहुधा सारखेच असते. चिटणीस अहवाल वाचतात, खजिनदार ताळेबंदातले आकडे भराभर सांगतात, मागून कुणीतरी ‘मंजूर, मंजूर’ म्हणते आणि सारे चहाकडे वळतात. पुढे वर्षभर पैशाचा विषय निघत नाही. निघालाच तर दबक्या आवाजात, जिन्यात : ‘‘एवढी वर्गणी जमली, तिचे झाले काय?’’

बहुतेक वेळा काहीच वावगे झालेले नसते. पण उत्तर खजिनदारांच्या वहीत आणि शंका लोकांच्या मनात. कुजबुज कानावर आली की खजिनदार दुखावतात, राजीनामा देतात. संस्था एक सचोटीचा माणूस गमावते.

महाराष्ट्रात नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाला दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात आणि तपासणीचा अहवाल धर्मादाय कार्यालयात जातो. कायद्याचे काम तेथे होते. पण ज्याने वर्गणी दिली, त्याचे समाधान कार्यालयातल्या कागदाने होत नाही.

या बाबतीत एक जुना धडा आहे. १८९४ साली दक्षिण आफ्रिकेत डर्बन येथे तेथील भारतीयांनी नाताळ इंडियन काँग्रेस स्थापन केली. चिटणीस होते २४ वर्षांचे बॅरिस्टर मोहनदास गांधी. वर्गणी महिना किमान ५ शिलिंग ठरली. नावे उत्साहाने नोंदली गेली. पैसे मात्र मागे लागल्याशिवाय येईनात. वसुलीसाठी कारकुनाला दिवसभर हिंडावे लागे. अखेर सभा घेऊन वर्गणी वार्षिक केली : किमान ३ पौंड, तीही आगाऊ.

लहानशा रकमेची पावती लोक सहसा मागत नाहीत. पण गांधीजी ती आग्रहाने देत. छपाईचा खर्च नको म्हणून सुरुवातीला पावत्या आणि अहवाल सायक्लोस्टाइल करीत. सभा महिन्याला, गरज पडल्यास आठवड्यालाही भरे. मागील सभेचे इतिवृत्त वाचले जाई, प्रश्नांना उत्तरे दिली जात. पुढे आत्मकथेत त्यांनी लिहिले, की १८९४ सालच्या हिशेबाच्या वह्या आजही जशाच्या तशा सापडतील. चोख हिशेबाशिवाय संस्थेची अब्रू राहत नाही, असे त्यांचे मत होते.

आजच्या छोट्या मंडळालाही हे अवघड नाही. दर तीन महिन्यांनी एक साधा कागद पुरे. समजा, मागील शिल्लक १८,४०० रुपये, जमा ७,६०० आणि खर्च ९,२५० रुपये. हाती उरले १६,७५०. त्यापैकी बँकेत १६,००० आणि रोख ७५०, हेही लिहावे. बँकेचा आकडा पासबुकाशी जुळलाच पाहिजे. पावत्या कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंत फाडल्या आणि कुणाचे देणे बाकी आहे, याच्या दोन ओळी खाली द्याव्यात. ‘किरकोळ खर्च’ हा शब्द शक्यतो टाळावा. शंकेला पहिली जागा तिथेच मिळते. कागद फलकावर लावावा किंवा मोबाइलवरून सर्वांना पाठवावा.

कागद नियमित येऊ लागला की सभासदांनाही कळते, की सतरंज्यांचे भाडे किती वाढले, विजेचे बिल किती येते. गंगाजळी आटू लागली तर ते वर्षाअखेरीस नव्हे, वेळीच दिसते. मग वर्गणी वाढवण्याचा ठराव आला तरी कपाळावर आठ्या पडत नाहीत.

‘कर नाही त्याला डर कशाला’ असे म्हणून खजिनदारांनी स्वस्थ बसू नये. डर नाही, म्हणूनच वही उघडी ठेवावी. हिशेब मागणे म्हणजे अविश्वास नव्हे, हे त्यांनी ओळखावे. आणि सभासदांनीही जिन्यातला प्रश्न सभेत विचारावा.