मापात पाप नसावे

पावसाळा तोंडावर आला की किनारपट्टीवरील घराघरांत छपराचा जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो. पूर्वी त्याचे उत्तर गावातच मिळत असे. वैशाखात शाकारणी होई, कौले चाळली जात, पडवीच्या वाऱ्याच्या बाजूस विणलेल्या झावळ्यांचे आडोसे उभे राहत आणि १ जूनच्या सुमारास किनाऱ्यावर ओढलेल्या होड्यांवर झावळ्यांचेच छप्पर चढे. आज झावळीची जागा ताडपत्रीने घेतली आहे. झावळी ज्या माडाची, तो माड आपल्या डोळ्यांसमोर असे. ताडपत्री मात्र दूरच्या कारखान्यातून येते, आणि तिच्यात काय आहे हे घेणाऱ्यास बहुधा ठाऊक नसते. या अज्ञानाचा भुर्दंड गरीब कुटुंबांस ऐन पावसात सोसावा लागतो, म्हणून हा विषय आम्हांस क्षुल्लक वाटत नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. पुढल्याच वर्षी, मे २०२१मध्ये, तौक्ते गोमंतक आणि कोकणच्या किनाऱ्याला झोडपत गुजरातेत गेले. हजारो घरांवरची कौले आणि पत्रे उडाले, आणि वादळ ओसरल्यावर लोकांची पहिली मागणी ताडपत्रीचीच होती. अशा वेळी माणूस मिळेल ते, मिळेल त्या भावाने घेतो. विचारपूर्वक खरेदी करायची तर ती वादळापूर्वी, सवडीने आणि कागदावर लिहून केली पाहिजे.

हवी तशी ताडपत्री बनवून घ्यायची म्हटले की आपल्याकडील अनेकांची नजर सुरतेच्या बाजूस वळते. सुरत हे कृत्रिम धाग्याच्या कापडाचे देशातील मोठे केंद्र आहे, आणि तेथील मागांवर खानदेशातून गेलेल्या आपल्या मराठी बांधवांचे हात पिढ्यान्‌पिढ्या राबत आले आहेत. तापीकाठचे कामरेज मुंबई-अहमदाबाद हमरस्त्यावरच असल्याने तेथून निघालेला माल दक्षिणेकडे सहज येतो. पेरिप्लस या प्राचीन ग्रीक प्रवासग्रंथातील काम्मोनी म्हणजे हेच कामरेज, असे अनेक अभ्यासक मानतात. ते खरे असेल तर या गावाचा आणि पश्चिम किनाऱ्याचा व्यापारी संबंध दोन हजार वर्षांइतका जुना ठरतो. ताडपत्री हा शब्दही मराठी आणि गुजरातीत एकच आहे. परंतु शब्द एक असला तरी ग्राहक आणि कारखानदार यांच्या मनातील वस्तू एकच असेल असे नाही, आणि तंट्याचे मूळ बहुधा तेथेच असते.

पहिला प्रश्न कापडाचा. बाजारात ठळकपणे चार जाती आढळतात. जाड सुती कॅनव्हासला मेण व रसायने लावून केलेली ताडपत्री हवा खेळू देते, म्हणून धान्याच्या राशीस ती मानवते. पण ती जड असते आणि ओली घडी करून ठेवल्यास कुजते. पॉलिथिनच्या पट्ट्या विणून दोन्ही अंगांस लेप दिलेली, एचडीपीई म्हणून ओळखली जाणारी ताडपत्री हलकी व स्वस्त असते. मात्र तिच्यात उन्हास टिकण्यासाठी द्रव्य मिसळलेले नसेल तर ती लवकरच कडक होऊन तुकडे पडू लागते. प्लास्टिकचे पातळ थर एकमेकांस आडवे जोडून केलेली तिसरी जात सिल्पोलिन या एका व्यापारी नावाने घरोघरी परिचित आहे. चौथी पॉलिस्टरच्या कापडावर पीव्हीसीचा लेप दिलेली. ती महाग व वजनदार, पण दणकट; मालमोटारींस ती शोभते. यांपैकी कोणतीही सर्वश्रेष्ठ नव्हे. होडी झाकायची, भात झाकायचे की छप्पर झाकायचे हे ठरल्यावाचून भाव विचारणे व्यर्थ होय. निळा, पिवळा हा रंग प्रतीची खूण नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरा प्रश्न जाडीचा. विक्रेते कधी मायक्रॉन सांगतात, कधी जीएसएम. मायक्रॉन ही जाडी. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधील वजन. विणलेल्या कापडाची जाडी विणीच्या उंचसखलपणामुळे फसवी ठरू शकते, वजन मात्र सहसा फसवत नाही. म्हणून ग्राहकाने जीएसएमचा आकडा लिहून घ्यावा आणि माल हाती येताच तो तोलावा. हिशेब शाळकरी मुलासही जमेल असा आहे. ३० फूट बाय ४० फुटांची ताडपत्री म्हणजे सुमारे १११ चौरस मीटर. २०० जीएसएमचा करार असेल तर तिचे वजन २२ किलोच्या वर भरले पाहिजे. काट्यावर १७ किलोच दिसले तर हाती आलेला माल १५० जीएसएमचा आहे, म्हणजे पाव भाग कापड गेले कोठे, हे विचारण्याचा अधिकार ग्राहकास आहे. वाण्याकडे पावशेर साखर तोलून घेणारा आपला समाज हजारो रुपयांची ताडपत्री मात्र नुसत्या शब्दावर घेतो, याचे आम्हांस नवल वाटते.

तिसरा प्रश्न मापाचा. कडा दुमडून शिवताना किंवा तापवून चिकटवताना चारही बाजूंनी कापड आत जाते. कापलेले माप आणि तयार माप यांत अर्ध्या फुटाचा फरक पडला, तरी वरील ताडपत्रीत सुमारे ३५ चौरस फुटांची तूट येते. तेव्हा 'तयार माप' हे दोन शब्द मागणीपत्रावर असलेच पाहिजेत. देशाने १९५६च्या कायद्याने मेट्रिक पद्धती स्वीकारली, तरी हा बाजार अजून फुटांतच बोलतो. आपण मीटर व सेंटिमीटरही लिहावेत, म्हणजे संदिग्धता उरत नाही.

पण मापातील चूक नेहमी कारखान्यातच होते असे नाही. कित्येकदा ती आपल्या अंगणातच होते. घराची रुंदी २० फूट म्हणून तेवढेच कापड मागवले जाते. परंतु पाऊस पडतो तो उतारावर. आढे भिंतीपेक्षा ५ फूट उंच असेल तर प्रत्येक बाजूचा उतार ११ फुटांहून अधिक भरतो. दोन्ही बाजू मिळून साडेबावीस फूट, आणि पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्यात म्हणून दोहोंकडे दीड-दीड फूट सोडले की साडेपंचवीस. जमिनीवरचे माप घेणाऱ्याची ताडपत्री अशी पाच फुटांनी आखूड पडते. उतार पुरेसा हवा आणि ताणही हवा. झोळ पडून एक चौरस मीटरवर दहा सेंटिमीटर पाणी साचले तर त्याचे वजन शंभर किलो होते. ते पेलण्यासाठी काठाच्या रिंगा किती अंतरावर, कोणत्या धातूच्या, आणि दुमडलेल्या कडेत दोरी आहे की नाही, हेही मागणीपत्रात यावे. आपल्या खाऱ्या हवेत लोखंडी रिंग टिकत नाही; ती पितळेची वा ॲल्युमिनियमची असावी.

चौथा प्रश्न पोचवण्याचा. सांगितलेल्या भावात कर आणि वाहतूक धरली आहे काय, माल घरपोच येणार की वाहतूकदाराच्या गोदामापर्यंत, भाडे कोणी द्यायचे आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे विसार देण्यापूर्वीच ठरावे. मृग निघाल्यावर पोचलेल्या ताडपत्रीचा उपयोग निम्माच. मापाबरहुकूम बनवलेला माल विक्रेता सहसा परत घेत नाही, म्हणून येथे तोंडी व्यवहार अधिकच धोक्याचा. आणि एवढे करूनही फसगत झालीच तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक मोठी सोय केली आहे. माल सुरतेकडचा असला तरी तक्रार स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत करता येते, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीस तक्रारीचे शुल्कही नाही. पोटापाण्यासाठी स्वतः होडी वल्हवणारा मच्छीमार हाही या कायद्याने ग्राहकच होय. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यकेंद्राकडे दूरध्वनीने दाद मागता येते. पण या साऱ्यास पावती लागते, आणि चार रुपये वाचवण्यासाठी पावती नाकारणारा ग्राहक आपले हक्क आपल्याच हाताने सोडून देतो.

आम्ही केवळ विक्रेत्यांस दोष देत नाही. प्रामाणिक कारखानदाराचे खरे नुकसान अज्ञानी ग्राहकच करतो, कारण नुसता स्वस्त भाव पाहणाऱ्यापुढे पुऱ्या वजनाचा माल नेहमी महागच दिसतो. कामरेजच्या शेजारचा तालुका बारडोली. तेथे १९२८ साली शेतकऱ्यांनी सरदार पटेलांच्या नेतृत्वाखाली जो सत्याग्रह केला, तो एका अर्थी हिशेबाचाच लढा होता. सरकारने सारा २२ टक्क्यांनी वाढवला. लोकांनी चौकशी मागितली. आणि चौकशीअंती वाढ ६ टक्क्यांच्या आसपासच योग्य ठरली. साम्राज्यापुढे आकडा तपासून मागणाऱ्या लोकांचे आपण वारस आहोत. दुकानदारापुढे तो मागताना आपणांस संकोच का वाटावा?

आमची एक सूचना ग्रामपंचायतींस आहे. आपद्ग्रस्तांसाठी सार्वजनिक पैशाने ताडपत्र्या घेतल्या जातात, तेव्हा मागणीपत्रात जात, जीएसएम, तयार माप आणि तारीख हे चार तपशील असावेत. विणलेल्या पॉलिथिनच्या ताडपत्रीसाठी आयएस ७९०३ हे भारतीय मानक आहे, त्याची मागणी करावी, आणि माल आल्यावर गावासमोर त्याचे वजन करावे. काटा प्रत्येक गावात आहे, त्याचा उपयोग तेवढा व्हावा. ज्याचे छप्पर उडाले त्याला दिलासा देण्याच्या मिषाने आखूड आणि हलके कापड देणे हे आम्ही पापच समजतो, आणि मृगापूर्वीच ते रोखणे पंचायतींच्या हाती आहे.